एक्सेलमध्ये गिटचं अ‍ॅड-इन चालत नाही? आधी हे बघा

22 सप्टेंबर 2025 च्या आधी विकलेला माल परत आला, की क्रेडिट नोट जुन्याच जीएसटी दराने काढायची. म्हणून वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत जुनी रेटलिस्ट जपावी लागते.

अ‍ॅड-इनचा टॅबच गायब? एक्सेल क्रॅश झालं की कधीकधी ते अ‍ॅड-इन स्वतःच बंद करतं. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्समध्ये जा, खाली ‘डिसेबल्ड आयटम्स’ निवडून गो दाबा, एनेबल करा, एक्सेल पुन्हा उघडा. लगेच रिइन्स्टॉल करत बसू नका!

कमिट करताना ‘परमिशन डिनाइड’ आलं तर फाइलचं नाव नीट वाचा. सुरुवातीला ~$ असेल तर ती तुमची रेटलिस्ट नाहीच. शीट उघडी असताना एक्सेल ती तात्पुरती लॉक फाइल बनवतं. शीट बंद करा, गिटइग्नोरमध्ये ~$* ही ओळ टाका, मग कमिट करा.