ऊन मुबलक, अडचण उत्प्रेरकाची

छत्रपती संभाजीनगरात उन्हाला तोटा नाही. पाणी मात्र पैठणहून, जायकवाडीतून आणावं लागतं. त्यामुळे सूर्यप्रकाशाने पाणी फोडून हायड्रोजन मिळवायचा म्हटलं की इथला माणूस आधी पाण्याचा हिशेब विचारणार. तो सोपा आहे: १ किलो हायड्रोजनमागे साधारण ९ लिटर पाणी फुटतं.

खरं घोडं अडतं ते प्रकाश शोषून पाणी फोडणाऱ्या उत्प्रेरकापाशी.

१९७२ मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाणी फोडल्याचं प्रसिद्ध केलं. पण हा पदार्थ प्रामुख्याने अतिनील किरणच शोषतो, आणि उन्हात त्यांचा वाटा जेमतेम ५ टक्के! पिवळंधमक कॅडमियम सल्फाइड दृश्य प्रकाशही पकडतं. मात्र पाण्यात, उजेडात ते स्वतःच झिजू लागतं.

पुण्याच्या सी-मेट या संशोधन संस्थेतल्या डॉ. भारत काळे आणि सहकाऱ्यांनी यावर देखणी तोड काढली. कॅडमियम सल्फाइडचे नॅनोकण त्यांनी थेट काचेतच वाढवले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात हायड्रोजन मिळाला तो पाण्यातून नव्हे, तर हायड्रोजन सल्फाइडपासून. तेलशुद्धीकरणात निघणारा हा विषारी वायू पाण्यापेक्षा बऱ्याच कमी ऊर्जेत फुटतो.

निव्वळ पाण्यासाठी तितकाच टिकाऊ, स्वस्त उत्प्रेरक अजून हवा आहे. तोवर हरित हायड्रोजनची भिस्त सौर वीज आणि त्या विजेने पाणी फोडणाऱ्या इलेक्ट्रोलायझरवरच.