मॉनिटर जुळे नसले तरी चालतात

लॅपटॉपला दोन मॉनिटर जोडायचे तर ते एकाच कंपनीचे आणि एकाच मापाचे हवेत, ही समजूत इतकी पक्की आहे की धडधाकट मॉनिटर माळ्यावर टाकून लोक नवी जोडी आणतात. त्याची काहीच गरज नसते. लॅपटॉप प्रत्येक मॉनिटर स्वतंत्रपणे हाताळतो. रिझोल्यूशन, रिफ्रेश रेट, अक्षरांचा आकार हे सगळं प्रत्येकासाठी वेगळं ठरवता येतं. नेहमी दिसणारी एक विजोड जोडी घेऊ: जुना २४ इंची फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८० पिक्सेलचा, आणि नवा २७ इंची, २५६० बाय १४४० पिक्सेलचा. सोबत १५.६ इंची फुल एचडी पडद्याचा विंडोज लॅपटॉप.

गैरसमज: दोन्हींचं रिझोल्यूशन सारखं करावं लागतं.

सगळ्यांत जास्त नुकसान हाच गैरसमज करतो. त्याचं मूळ ‘डुप्लिकेट’ या पर्यायात आहे. त्यात दोन्हीकडे एकच चित्र जातं, म्हणून सहसा दोघांना झेपेल असं एकच रिझोल्यूशन ठरतं. प्रोजेक्टरसाठी ते ठीक आहे. कामासाठी विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडावं, आणि प्रत्येक मॉनिटर त्याच्या मूळ रिझोल्यूशनवरच ठेवावा.

मूळ रिझोल्यूशनचा आग्रह यासाठी, की एलसीडी पडद्यावरचे पिक्सेल कारखान्यातच कायमचे ठरतात. १४४० ओळींच्या पडद्याला १०८० ओळींचं चित्र दिलं, की चित्रातल्या तीन ओळी पडद्याच्या चार ओळींवर पसराव्या लागतात. तीनाचे चार सरळ होत नाहीत, म्हणून मॉनिटर शेजारच्या ओळींचे रंग मिसळून वेळ भागवतो. देवनागरी मजकुरात ही लबाडी लगेच दिसते. शिरोरेखा धूसर होते, आणि रफाराशेजारचा अनुस्वार ओळखू येईनासा होतो. दिवसभर मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याने हे अजिबात सहन करू नये.

मग अक्षरं बारीक दिसतात त्याचं काय? त्यासाठी ‘स्केल’ आहे. आपल्या २४ इंची मॉनिटरवर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल बसतात, २७ इंचीवर १०९ आणि लॅपटॉपच्या पडद्यावर १४१. म्हणूनच मॉनिटरवरची खिडकी लॅपटॉपवर ओढली की आक्रसते. विंडोज ८.१ पासून, म्हणजे २०१३ पासून, प्रत्येक पडद्याचं स्केल वेगळं ठेवता येतं. लॅपटॉपला १५० टक्के आणि २४ इंचीला १०० टक्के दिले की अक्षरं जवळपास सारखी होतात. २७ इंचीवर १०० टक्क्यांना डोळ्यांना ताण पडत असेल तर १२५ करावेत. काही जुनी सॉफ्टवेअर वेगळ्या स्केलच्या पडद्यावर पुसट दिसतात. ती मुख्य मॉनिटरवरच वापरावीत.

गैरसमज: माउसचा पॉइंटर मध्येच अडकतो, म्हणजे ड्रायव्हर बिघडला.

ड्रायव्हर शाबूत असतो, चुकलेली असते ती मांडणी. डिस्प्ले सेटिंगमधले चौकोन पिक्सेलच्या हिशेबाने काढलेले असतात. टेबलावर या दोन मॉनिटरच्या उंचीत चार सेंटिमीटरचाही फरक नसतो, पण विंडोजच्या लेखी तो ३६० पिक्सेलचा, म्हणजे मोठ्या पडद्याच्या पाव उंचीचा असतो. त्या पाव भागासमोर दुसरा पडदाच नाही, त्यामुळे पॉइंटरला तिथे भिंत लागते. ‘आयडेंटिफाय’ दाबून कोणता आकडा कोणत्या मॉनिटरचा ते पाहावं, आणि आपण जिथून सर्वांत जास्त ये-जा करतो ती उंची जुळेल असे चौकोन सरकवावेत. उरलेल्या भिंतीसाठी विंडोज ११ मध्ये पॉइंटर सहज पलीकडे जाऊ देणारा पर्याय आहे, तो चालू ठेवावा.

गैरसमज: दोन मॉनिटरचा लॅपटॉपवर फार भार पडतो.

एका पिक्सेलला चार बाइट धरले तर या दोन पडद्यांचं एक पूर्ण चित्र मिळून सुमारे २३ मेगाबाइट होतं. मेल, एक्सेल, ब्राउझर यांसाठी प्रोसेसरमधलं साधं ग्राफिक्सही पुरतं. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगची गोष्ट वेगळी.

गैरसमज: पोर्टमध्ये केबल बसली की चित्र येणारच.

पैसे वाया जातात ते इथे. यूएसबी-सी पोर्ट एकसारखे दिसतात, पण काहींतून फक्त चार्जिंग आणि डेटा जातो, चित्र जात नाही. पोर्टमध्ये डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड किंवा थंडरबोल्ट आहे का, हे मॉडेलच्या माहितीपत्रकात पाहावं. स्वस्त एचडीएमआय स्प्लिटर दोन्ही मॉनिटरला एकच चित्र देतो, त्याने कामाची जागा वाढत नाही. फक्त व्हीजीए असलेला जुना मॉनिटर वापरता येतो, मात्र आत चिप असलेला एचडीएमआय-ते-व्हीजीए कन्व्हर्टर लागतो, नुसती केबल पुरत नाही. व्हीजीए-ते-एचडीएमआय हा उलट दिशेचा, म्हणून दुकानात दिशा सांगूनच मागावा. अॅपलच्या साध्या एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुकला मुळात एकच बाहेरचा मॉनिटर चालतो. तिथे दुसरा हवा असेल तर डिस्प्लेलिंक तंत्राचा डॉक आणि त्याचं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं.

रंग मात्र तंतोतंत जुळणार नाहीत, कारण पॅनेल वेगळी असतात. दोन्ही मॉनिटरच्या मेन्यूत कलर टेंपरेचर ६५०० ठेवावं, एक कोरं पांढरं पान दोन्हीवर पसरावं आणि ब्राइटनेस नजरेने मिळवावा. वाचन-लेखनाला एवढं पुरतं. फोटोच्या रंगांचं काम असेल तर त्यांतल्या चांगल्या पडद्यावरच करावं.