राजवाडा म्हणजे नक्की काय?

मंडळी, राजवाडा म्हटलं की आपल्याला झुंबरं आणि गालिचे दिसतात. पण शब्द काय सांगतात बघा. 'महाल' अरबीतून आला. मूळ अर्थ, जागा. म्हणून महसुली विभागालाही महाल म्हणत. गुजरातेतल्या पंचमहालात पाच राजवाडे शोधू नका. ते पाच तालुके! 'प्रासाद' राजाचा असतो, तसा देवाचाही. इंग्रजी 'पॅलेस' रोमच्या पॅलाटाइन टेकडीवरून आला. तिथं सम्राट ऑगस्टस राहायचा. आणि आपला 'वाडा'? मुळात कुंपण घातलेली जागा. गुरांचाही वाडाच असतो. शनिवारवाड्याच्या आतल्या इमारती १८२८च्या आगीत जळाल्या. राहिली जोती, तट आणि दिल्ली दरवाजा. पेशवाई गेली, महाल गेले. 'वाडा' या शब्दाचा जुना अर्थ तेवढा अजून उभा आहे.