बागेत मोजू या पृथ्वी

हिंगणघाट हे नाव कापसामुळे सर्वांना ठाऊक आहे. पण पृथ्वीच्या मोजणीच्या इतिहासातही या गावाचे नाव येते, हे पुष्कळांना माहीत नसते. विल्यम लॅम्टन हा सर्वेक्षक हैदराबादहून नागपूरला निघाला असता १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटच्या मुक्कामी वारला. त्याची कबर तेथेच आहे.

लॅम्टनने १८०२ साली मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटर लांबीची एक सरळ रेषा पोलादी साखळीने मोजली. मग तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एका खुणेकडे पाहून कोन मोजले. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या टोकांचे दोन कोन कळले, की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. ही नवी बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो दक्षिण टोकापासून उत्तरेकडे सरकला. कोन मोजण्याचे त्याचे यंत्र जवळजवळ अर्धा टन वजनाचे होते. अक्षांशाचा एक अंश जमिनीवर किती लांब भरतो, हे त्याला हवे होते. कारण त्यावरून पृथ्वीचा आकार कळतो. त्याच्यामागे एव्हरेस्टने हे काम १८४१ पर्यंत हिमालयाच्या पायथ्याशी नेले.

हीच कल्पना घेऊन आपल्या गावच्या बागेत एक शोधवाट आखता येईल.

खेळ कोणता?

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. एकाने एक डबा लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. दुसऱ्याने उपग्रहांच्या साहाय्याने ती जागा शोधायची, डब्यातील वहीत नाव लिहायचे आणि डबा होता तसा ठेवायचा.

स्थान सांगणारे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ यांतील फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणले, की अंतर मिळते. निदान चार उपग्रहांपासूनची अशी अंतरे मिळाली म्हणजे आपली जागा ठरते. २००० सालापर्यंत अमेरिका सामान्य लोकांना मिळणारे हे संदेश मुद्दाम ढोबळ ठेवीत असे. त्या वर्षी १ मे रोजी ते बंधन उठले आणि ३ मे रोजी ओरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर याने पहिली बादली लपवली.

आधी विषय, मग डबा

नुसता डबा सापडला तर मौज वाटते, पण हाती काही लागत नाही. म्हणून वाटेला एक विषय हवा. आपला विषय आहे ‘मोजणी’. वाटेवर तीन थांबे ठेवू आणि शेवटी एकच डबा.

पहिला थांबा : पायारेषा. दोन बाकांमधील अंतर फीतपट्टीने मोजा. नंतर दोन्ही बाकांचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर पाहून नोंदवा. बाकांची जोडी शक्य तितकी दूरची निवडा.

दुसरा थांबा : न गाठता अंतर. कुंपणापलीकडचे किंवा तळ्याच्या काठावरचे एखादे झाड निवडा. अलीकडे ३० मीटरची रेषा आखा. तिच्या दोन्ही टोकांवरून झाडाकडे रोखून कोनमापकाने कोन मोजा. कागदावर १ सेंटिमीटरला ५ मीटर या प्रमाणाने त्रिकोण काढा आणि झाडाचे अंतर वाचा. झाड फार दूर असेल, तर दोन्ही नजररेषा जवळजवळ समांतर होतात आणि त्या कोठे छेदतात ते नीट कळत नाही. म्हणून झाड पायारेषेच्या लांबीइतक्याच अंतरावर असलेले बरे.

तिसरा थांबा : अंशाची लांबी. मोबाइलवर स्थान अंश आणि मिनिटांत दिसेल असे करा. आता रेखांश तोच ठेवून उत्तरेकडे चालत जा. अक्षांश ०.०५० मिनिटाने वाढला की थांबा आणि चाललेले अंतर मोजा. ते सुमारे ९२ मीटर भरायला हवे. तसेच अक्षांश तोच ठेवून पूर्वेकडे रेखांश तेवढाच वाढेपर्यंत चाला. अंतर सुमारे ८७ मीटरच भरेल. रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे एकमेकींजवळ येत जातात, म्हणून हा फरक पडतो. उत्तरेकडच्या अंतराला २० ने गुणले की एका मिनिटाची लांबी येते. तिला २१,६०० ने गुणले की पृथ्वीचा परीघ. ९२ मीटरवरून तो सुमारे ३९,७०० किलोमीटर येतो. खरा परीघ ४०,००० च्या आसपास आहे. अर्थात मोबाइलच्या गणितात पृथ्वीचा आकार आधीच धरलेला असतो. तेव्हा हा शोध नव्हे, पडताळा आहे.

चूक किती धरावी?

मोकळ्या जागीही मोबाइलचे स्थान चार-पाच मीटरने चुकू शकते. दाट वडाखाली किंवा उंच भिंतीजवळ संदेश परावर्तित होऊन येतात आणि चूक वाढते. लपवणाऱ्याची चूक ५ मीटर आणि शोधणाऱ्याचीही ५ मीटर धरली, तर दोन्ही मिळून सुमारे ७ मीटर होते. म्हणजे डबा एका बिंदूवर नसून ७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात आहे, असे समजावे. म्हणून आकड्यांबरोबर ‘बसण्याच्या उंचीवर पाहा’ अशी एखादी खूणही द्यावी. डब्याच्या जागेचे वाचन वेगवेगळ्या दिवशी निदान दहा वेळा घेऊन सरासरी काढावी.

येथे वाट आखणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. डब्याच्या स्थानाचे आकडे थांब्यांवरील मापांतून काढायला सांगू नयेत. एकाचे माप ९१ येईल, दुसऱ्याचे ९४, आणि दोघे दोन ठिकाणी जातील! ते आकडे मोजदादीतून द्यावेत : बाकाच्या पट्ट्या किती, पायऱ्या किती. मोजदाद सर्वांची सारखी येते. माप कधीच तंतोतंत सारखे येत नाही.

डबा कोठे, कसा?

बागेची व्यवस्था पाहणाऱ्यांची परवानगी शिक्षकांमार्फत आधी घ्या. डबा पारदर्शक असावा आणि त्यावर शाळेचे नाव व ‘शैक्षणिक खेळ’ असे ठळक लिहावे. बेवारस वस्तू पाहून लोक घाबरतात. जमीन खणू नका, झाडाला खिळा मारू नका, डब्यात खाऊ ठेवू नका. हात घालून चाचपावे लागेल असे बीळ किंवा ढोली नको. तेथे साप-विंचू असू शकतात. कबरी, देवळे आणि अभयारण्ये या जागा वगळाव्यात. आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घेऊन हा खेळ हिवाळ्यात किंवा सकाळी ठेवावा.

करून पाहा

तिसऱ्या थांब्यावर एकदा ०.०१० मिनिटाइतके चाला. अंतर १८ मीटरच्या आसपास येईल आणि त्यात ७ मीटरची चूक असू शकेल, म्हणजे शंभरात जवळजवळ ३८! ०.०५० मिनिटाला तीच चूक शंभरात ८ च्या आत येते. शाळेच्या मैदानात किंवा वाहने नसलेल्या सरळ वाटेवर ०.१०० मिनिट चालता आले, तर ती ४ च्या आत येईल. प्रत्येक वेळी पृथ्वीचा परीघ काढा आणि तिन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहा. लॅम्टन एका अंशावर न थांबता वर्षानुवर्षे उत्तरेकडे का चालत राहिला, हे त्या तीन आकड्यांवरून तुम्हीच सांगू शकाल.