भिंत पाडण्याआधी हवेचा विचार

ठाण्याच्या विठ्ठल सायन्ना जिल्हा रुग्णालयाची जुनी इमारत पाडून तिथे ९०० खाटांचं रुग्णालय बांधायचं ठरलं, तेव्हा रुग्णसेवा मनोरुग्णालयाच्या आवारात हलवली गेली. अशा स्थलांतरात रुग्णांची ओढाताण होतेच. तरीही शास्त्राच्या दृष्टीने निर्णय योग्य होता, आणि त्याचं कारण डोळ्यांना दिसत नाही.

जुन्या गिलाव्यामागे, फॉल्स सीलिंगवरच्या धुळीत अॅस्परजिलस नावाची बुरशी वस्तीला असते. आपल्या पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या ओलीत ती चांगलीच पोसते. भिंतीवर घण पडला की तिचे बीजाणू उधळतात. एकेक बीजाणू जेमतेम ३ मायक्रॉनचा. वारा नसलेल्या खोलीतही एक मीटर खाली यायला त्याला तासभर लागतो. पंखा चालू असेल तर तो तरंगतच राहतो. धडधाकट माणूस असे बीजाणू रोज श्वासातून घेतो, त्याला काही होत नाही. पण केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात हीच बुरशी रुजते आणि जिवावर बेतते.

प्रयोगशाळेचं दुखणं आणखी वेगळं. कल्चर प्लेटवर बाहेरची बुरशी पडली की रुग्णाच्या नमुन्यातलं काय आणि भिंतीतून आलेलं काय, हे कळेनासं होतं. क्षयाच्या जंतूंवर काम चालतं त्या खोलीत हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे हवा आत येते, बाहेर जात नाही. शेजारी नवं दालन जोडताना भिंतीला भोक पडलं, तर ही सगळी रचना कोलमडते.

पूर्वी प्रयोगशाळा थाटताना एवढा विचार होत नसे. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी १८९६ मध्ये प्लेगच्या लसीचं काम मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात सुरू केलं. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. तेव्हा राज्यपालांचा वाडा थोड्या फेरफाराने चालून गेला. आज हवेचा मार्ग आधी आखावा लागतो, भिंती नंतर.

कल्याणचं रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीचं शास्त्रीनगर रुग्णालय ठाण्यासारखं रिकामं करून दुरुस्ती करणं सोपं नाही. तिथे काम चालू असलेला भाग प्लास्टिकने छतापर्यंत बंद करावा, राडारोडा ओला करूनच हलवावा, आतली हवा हेपा, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या, फिल्टरमधून बाहेर सोडावी. हे सगळं निविदेतच लिहिलेलं हवं. तपासणी मात्र कुठल्याही परिचारिकेला जमेल अशी: बंद दाराखालच्या फटीशी टिश्यू पेपरची पट्टी धरायची. ती कामाच्या बाजूला ओढली गेली तर ठीक. वॉर्डाकडे झुकली तर काम तिथल्या तिथे थांबवायचं.