ऐकू येते, पण समजत नाही

बहिरेपणा म्हटला की काहीच ऐकू न येणारे मूल आपल्या डोळ्यांपुढे येते. वस्तुतः पूर्ण बहिरेपणा व निर्दोष श्रवण यांच्या दरम्यान अनेक पायऱ्या आहेत. या मधल्या पायऱ्यांवरील मुले सर्वसाधारण शाळेत जातात आणि हाक मारली की बहुधा वळून पाहतात. म्हणूनच त्यांची अडचण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

या अडचणीचे मूळ ध्वनीच्या स्वरूपात आहे. बोलण्यातील 'आ', 'ओ' यांसारखे स्वर जोरकस असतात. 'स', 'श' यांसारखी व्यंजने उंच पट्टीची, परंतु क्षीण असतात. अनेक मुलांना हे उंच पट्टीचे ध्वनीच नीट ऐकू येत नाहीत. अशा मुलापर्यंत आवाज पोचतो, पण शब्द अर्धवट पोचतो. गणिताच्या तासाला शिक्षकांनी 'साठ' म्हटले, तर ते 'आठ' असे ऐकते. त्याची बेरीज बिनचूक असूनही उत्तर चुकते आणि 'लक्ष देत नाही' असा शेरा मात्र पदरी पडतो.

असे मूल बोलणाऱ्याच्या ओठांचा आधार घेते. परंतु 'पान' आणि 'मान' म्हणताना ओठ सारखेच मिटतात. शिक्षक फळ्याकडे वळून बोलू लागले की तोही आधार तुटतो. श्रवणयंत्र शिक्षकांच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर आणि बाकांची खरखरही वाढवते. दिवसभर तुटक शब्द जुळवीत बसल्याने मूल थकून जाते.

भारतातील बहुतेक शाळांत एकाहून अधिक भाषा शिकाव्या लागतात. त्यामुळे हा भार आणखी वाढतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद आहे. तथापि त्या अधिनियमानुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल इतका श्रवणऱ्हास असेल, तरच व्यक्ती 'ऐकू कमी येणारी' ठरते. त्याहून सौम्य दोष असलेली मुले या व्याख्येबाहेर राहतात. वर्गातील बरेचसे बोलणे मात्र त्यांच्याही हातून निसटते.

अशा मुलांसाठी पुष्कळ काही करणे शिक्षकांच्या हाती आहे. मुलाला पुढे बसवावे, वर्गाकडे तोंड करून बोलावे, आकडे व नवे शब्द फळ्यावर लिहावेत. 'समजले का?' असे विचारल्यास मूल संकोचाने होकार देते. म्हणून ऐकलेले त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे. आणि दुर्लक्षाबद्दल शिक्षा करण्यापूर्वी त्याच्या कानांची तपासणी करवून घ्यावी.