सिकाडा : सतरा वर्षांचा हिशेब ठेवणारा कीटक

गेल्या वैशाखांत आम्ही घाटाखालील एका स्नेह्यांच्या गांवीं चार दिवस राहावयास गेलों होतों. त्यांच्या शेताच्या बांधावर ऐनाचीं तीन मोठीं झाडें आहेत. दोन प्रहर टळली कीं त्या झाडांवरून असा कर्कश आवाज सुरू होई, कीं ओटीवर बसून चार शब्द बोलणेंहि कठीण पडावें. आवाज करणारा प्राणी कोठें दिसत नसे. मात्र बुंध्याच्या सालीस मातकट रंगाचीं, पाठीवर उकललेलीं, पोकळ कवचें पांचपंचवीस ठिकाणीं चिकटलेलीं होतीं. तिसऱ्या दिवशीं सकाळीं स्नेह्यांचे चिरंजीव पाठीवर फवारणीचा पंप घेऊन निघाले. "काका, हा किडा उद्या आंब्याच्या कलमांवर येईल. त्याआधींच औषध मारतों, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं, तर ऐनच तोडून टाकूं," असें ते म्हणाले.

आम्हीं त्यांना पंप खालीं ठेवावयास सांगितलें. किडा कोणता, तो खातो काय, राहतो कोठें, याची चौकशी न करितां शिक्षा फर्माविणें आम्हांस बरें वाटलें नाहीं. महसूल खात्यांत एकतीस वर्षें कारकुनी केल्यामुळें आधीं पंचनामा आणि मग हुकूम ही रीत आमच्या अंगवळणीं पडली आहे. त्या किड्याची जी माहिती आम्हीं पुढें मिळविली, ती आमच्या शेतकरी बंधूंच्या उपयोगी पडण्यासारखी वाटल्यावरून येथें देत आहों.

हा किडा म्हणजे सिकाडा होय. पुष्कळ लोक यास रातकिडा समजतात, परंतु ती चूक आहे. रातकिडा एक पंख दुसऱ्यावर घांसून रात्रीं बोलतो. सिकाडा बहुधा उन्हाच्या वेळीं व तिन्हीसांजेस ओरडतो. त्याच्या पोटाच्या बुडाशीं दोहों बाजूंस एकेक ताठ, सुरकुतलेला पडदा असतो. पत्र्याच्या डबीचें झांकण अंगठ्यानें दाबलें असतां जसा टक् असा आवाज निघतो, तसाच प्रकार ह्या पडद्यांचा आहे. आंतील स्नायु ते सेकंदास शेंकडों वेळां ओढतात व सोडतात, आणि नराचें पोट ढोलकीसारखें पोकळ असल्यामुळें तो आवाज घुमून मोठा होतो. ओरडतो तो नरच. मादीस हे पडदे नसतात. हा सारा कल्लोळ मादीस बोलाविण्यासाठींच असतो.

जगांत सिकाड्याच्या तीन हजारांहून अधिक जाती आहेत. आमच्या पिकांवरील मावा व तुडतुडे हे त्याचे लांबचे भाऊबंद. त्यांच्याप्रमाणेंच सिकाड्यास चावण्याचे जबडे नसून सोंडेसारखी एक नळी असते. यावरून एक गोष्ट उघड होते, ती अशी कीं, हा किडा टोळाप्रमाणें पानें कुरतडून शेत फस्त करूं शकत नाहीं. पानें खाण्याचें साधनच त्याच्यापाशीं नाहीं.

सिकाड्याच्या आयुष्याची सर्वांत बारकाईनें चौकशी झाली आहे ती उत्तर अमेरिकेंत. त्या देशाच्या पूर्व भागांत सात जाती अशा आहेत, कीं त्यांपैकीं तीन दर सतराव्या वर्षीं व चार दर तेराव्या वर्षीं जमिनींतून वर येतात. मादी झाडाच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या डहाळ्यांस चिरा पाडून त्यांत अंडीं घालते. एक मादी अशीं पांचशेंपर्यंत अंडीं घालते. सहा ते दहा आठवड्यांनीं त्यांतून मुंगीएवढीं पांढुरकीं पिलें निघतात, खालीं गळून पडतात आणि मातींत शिरतात. पिलांचे पुढचे पाय कुदळीच्या कामास योग्य असे जाड व बळकट असतात. दीड-दोन फुटांच्या आंत एखादें बारीक मूळ गांठून पिलूं त्यांत सोंड खुपसतें, आणि मुळांतून पानांकडे चढणारें पाणी पीत राहतें. हा रस इतका पातळ असतो, कीं त्यावर अंग धरावयास वर्षांमागून वर्षें लागतात. जमिनींत चार वेळां कात टाकून पिलूं पूर्ण वाढीस पोंचतें.

नेमलेल्या वर्षीं वसंत ऋतु संपत आला, आणि आठ इंच खोलीवरील माती सुमारें १८ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापली, म्हणजे एखाद्या उबदार संध्याकाळीं हीं पिलें हजारोंनीं बोटाएवढ्या भोंकांतून वर येतात. झाड, खांब, भिंत, जें उभें सांपडेल त्यावर तीं चढतात. तेथें पाठ उकलते, पांचवी व शेवटची कात पडते, आणि पांढरा मऊ किडा बाहेर येऊन सकाळपर्यंत काळा व टणक होतो. त्याचे डोळे तांबडे असतात. आमच्या स्नेह्यांच्या ऐनावर चिकटलेलीं कवचें हीं अशाच टाकलेल्या काती होत्या. त्यानंतर किड्याचें आयुष्य चार-पांच आठवड्यांचें. तेवढ्यांत गाणें, जोडपें जमणें, अंडीं घालणें व मरणें. सतरा वर्षें अंधारांत काढावयाचीं, तीं ह्या एका महिन्यासाठीं!

इतके किडे एकदम निघण्यांतहि एक मर्म आहे. कांहीं ठिकाणीं एकरीं पंधरा लाखांपर्यंत संख्या भरते. पक्षी, खारी, कुत्रीं, मासे सर्व पोट फुटेपर्यंत खातात, तरीहि पुष्कळ उरतात. ह्या किड्यास पळतां येत नाहीं, नांगी नाहीं, विष नाहीं. संख्या हेंच त्याचें संरक्षण. यास्तव सर्वांनीं एकाच वर्षीं वर येणें त्याला प्राणाइतकें महत्त्वाचें आहे. जो चुकून एक वर्ष आधीं आला, तो पाखरांच्या मुखीं गेलाच म्हणून समजावें.

मग अंधारांतील हा जीव वर्षें मोजतो तरी कशानें? याचें उत्तर कॅलिफोर्निया विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं एका प्रयोगानें शोधिलें, व तें २००० सालीं प्रसिद्ध केलें. जमिनींत पंधरा वर्षें काढलेलीं पिलें उकरून त्यांनीं तीं पीचच्या झाडांच्या मुळांशीं सोडलीं, आणि त्या झाडांस कृत्रिम उपायांनीं एका वर्षांत दोनदां फुलावयास लाविलें. तेव्हां पिलें सोळाव्याच वर्षीं वर आलीं. म्हणजे पिलूं सूर्य मोजत नाहीं, उन्हाळे-हिवाळे मोजत नाहीं. झाडास पालवी फुटतांना मुळांतील रस बदलतो, तो बदल तें मोजतें. झाड हेंच त्याचें पंचांग.

परंतु हा सतरा वर्षांचा नेम शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीं ज्यांनीं लिहून ठेविला, त्यांत एक शेतकरी होता, हें आम्हांस विशेष वाटतें. मेरीलंड प्रांतांत बेंजामिन बॅनेकर नांवाचा एक स्वतंत्र कृष्णवर्णी गृहस्थ वडिलार्जित जमिनींत तंबाखू पिकवीत असे. पुढें तो पंचांगकर्ता म्हणून नांवाजला. इ. स. १७४९ सालीं, वयाच्या सुमारें सतराव्या वर्षीं, त्यानें हे किडे झाडाझुडपांवर चढतांना पाहिले. आतां हे पीक खाऊन दुष्काळ आणणार, असें समजून त्यानें ते मारावयास आरंभ केला. परंतु आपले श्रम व्यर्थ आहेत, हें त्यास लौकरच कळून आलें. १७६६ सालीं किडे पुन्हां आले, १७८३ सालीं तिसऱ्यांदा. आतां हे १८०० सालीं येणार, असा त्यानें अंदाज बांधिला, व तसेंच झालें. पहिल्या खेपेस त्याच्या हातांत मारण्याचें साधन होतें. पुढें वही आली. दोहोंपैकीं उपयोग कशाचा झाला, हें सांगणें नलगे.

अशा नोंदींवरूनच १८९८ सालीं चार्ल्स मार्लेट ह्या सरकारी कीटकशास्त्रज्ञानें सर्व टोळ्यांस क्रमांक दिले. आज सतरा वर्षांच्या बारा व तेरा वर्षांच्या तीन टोळ्या हयात आहेत, आणि कोणती टोळी कोणत्या सालीं येणार हें तेथील बागाइतदार आधीं जाणून असतो. दहावी टोळी २०२१ सालीं आली. ती आतां २०३८ सालीं यावयाची. २०२४ सालीं तेरावी व एकोणिसावी ह्या दोन टोळ्या एकाच वर्षीं निघाल्या. १८०३ नंतर हा योग तेव्हांच आला, आणि पुढचा २२४५ सालीं आहे.

आतां नफा-नुकसानीचा ताळेबंद. मोठ्या झाडाच्या ज्या डहाळ्यांत मादी अंडीं घालते, त्यांचे शेंडे वाळून लोंबतात. पण झाड त्यांतून सावरतें. धोका आहे तो दोन-तीन वर्षांच्या कोवळ्या फळझाडांस. त्यासाठीं अमेरिकेंतील बागाइतदार टोळीच्या वर्षीं नवी लावणी पुढें ढकलतात, आणि लहान झाडांवर बारीक छिद्रांची जाळी घालून ती बुंध्याशीं बांधून टाकतात. औषध मारण्याचा फायदा थोडा, कारण आज मेलेल्यांच्या जागीं उद्यां शेजारच्या रानांतून दुसरे येतात. जमेच्या बाजूस पाहावें, तर त्यांच्या भोंकांतून पाणी व हवा जमिनींत मुरते, पक्ष्यांच्या पिलांस भरपूर चारा मिळतो, आणि मेलेल्या किड्यांचें खत होऊन जमिनींतील नत्र वाढतें.

असा मुदतबंद किडा हिंदुस्थानांतहि आहे. मेघालयांतील री-भोई जिल्ह्यांत दर चौथ्या वर्षीं मे महिन्यांत एक सिकाडा जमिनींतून निघतो. तेथील लोक यास नियांगतासेर म्हणतात. रात्रीं मशाली घेऊन रानांत जावें, वर येणारे किडे वेंचावे, कांहीं खावे व कांहीं मासे धरण्यास आमिष म्हणून ठेवावे, ही त्यांची वहिवाट आहे. शास्त्रज्ञांनीं ह्या जातीस २०१३ सालीं नांव दिलें. परंतु चार वर्षांचा नेम गांवकऱ्यांना तत्पूर्वींच तोंडपाठ होता. २०१४, २०१८ व २०२२ सालीं ती ठरल्याप्रमाणें आली.

मात्र हा हिशेब बुडूंहि शकतो. अमेरिकेची अकरावी टोळी १९५४ सालीं कनेक्टिकट प्रांतांत शेवटची दिसली. त्यानंतर ती कोणास आढळली नाहीं. जेथें मधल्या मुदतींत रान तोडून घरें व रस्ते झाले, तेथेंहि नेमलेल्या वर्षीं जमीन मुकीच राहते. याचें कारण वर दिलेंच आहे. मुळावर जगणाऱ्या पिलांचें अन्नहि झाड आणि पंचांगहि झाड. झाड पडलें, कीं खालील सारी पिढी गेली. आणि ती गेल्याचें आपणांस कळतें दहा-पंधरा वर्षांनीं, तेंहि कोणीं नोंद ठेविली असेल तर.

येथें आम्हांस स्वतःविषयीं एक गोष्ट कबूल करणें प्राप्त आहे. कचेरींत असतां झाडतोडीच्या अर्जांसोबत लागणारे उतारे आम्हीं शेंकड्यांनीं तपासले. झाडाची जात पाहिली, संख्या पाहिली, मालकी पाहिली, बांध कोणाचा हें पाहिलें. झाडाखालीं कोण राहतो, हा रकाना कोणत्याच नमुन्यांत नव्हता, आणि तो असावा असें एकतीस वर्षांत एकदांहि आमच्या मनांत आलें नाहीं. ऐन तोडावयास सरकारी परवानगी लागते, हें त्या दिवशीं आम्हीं चिरंजीवांस सांगितलें खरें. पण परवानगी मिळाली तरी तोडावयाचें कशासाठीं, हा प्रश्न खरा होता, आणि तो आमच्या लक्षांत यावयास पेन्शन घ्यावी लागली.

शेतकरी बंधूंस आमची विनंति इतकीच. झाडावर ओरडणारा किडा दिसला, तर औषधाच्या बाटलीआधीं वही काढावी. पहिला आवाज कोणत्या तिथीस ऐकला, कोणत्या झाडावर, बुंध्यावर कवचें किती, पाऊस केव्हां लागला, आणि शेजारच्या कलमांचे शेंडे वाळले किंवा कसे, एवढें लिहावयास चार ओळी पुरतात. कोंवळ्या कलमांची भीति वाटत असेल, तर त्यांवर जाळी घालावी. अशी नोंद पांच-दहा वर्षांची झाली, म्हणजे ती शेतमालकाच्या मुलाबाळांस जमिनीच्या कागदांइतकीच उपयोगी पडेल.

मृगाचा पाऊस लागल्यावर स्नेह्यांच्या चिरंजीवांचा निरोप आला. आवाज बंद झाला, कलमांचें एक पानहि गेलें नाहीं, आणि पडवींतील खुंटीवर त्यांनीं एक वही टांगली आहे. बांधावरील तिन्ही ऐन उभे आहेत.